काचबिंदूसाठी मेंदूचा एमआरआय: पुण्यातल्या एका केंद्राच्या सेवेविषयी

गेल्या फेब्रुवारीत पुण्यातल्या एका खासगी निदान केंद्रात मी मेंदूचा आणि दोन्ही डोळ्यांच्या खोबणींचा एमआरआय करून घेतला. कॉन्ट्रास्टसह (चित्रे ठळक यावीत म्हणून शिरेतून द्यायच्या औषधासह) मूळ तपासणीचे ९,२०० रुपये झाले. तिच्या जोडीला ‘काचबिंदू रुग्णांसाठी दृष्टिमार्गाचा नकाशा’ या नावाने विकली जाणारी ४,५०० रुपयांची वाढीव तपासणी मी काउंटरवर उभ्या उभ्या कबूल केली. दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच बैठकीत, तासाभरात उरकल्या, तरी त्यांचे मोल सारखे नाही. पहिली तपासणी ज्या प्रश्नासाठी सांगितली होती त्याचे तिने चोख उत्तर दिले. दुसरीने एक देखणे रंगीत चित्र आणि एक चुकीचे वाक्य दिले. केंद्राचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण तिथल्या माणसांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. काउंटरवर ठेवलेल्या त्या वाढीव तपासणीबद्दल मात्र आहे, आणि तिच्याविषयीच मला सविस्तर लिहायचे आहे.

मी मुद्रितशोधक आहे आणि माझे वय ४८ आहे. दीडेक वर्षापूर्वी माझ्या हातून रफार, अनुस्वार आणि मात्रा सुटू लागल्या. ‘निर्णय’चा ‘निणय’ तसाच छापून गेला, ‘संबंध’ एकदा ‘सबंध’ झाला आणि वाक्याचा अर्थच फिरला. प्रकाशकांकडून सौम्य शब्दांत विचारणा झाल्यावर मी जुनी मुद्रिते काढून पाहिली, तेव्हा लक्षात आले की शिरोरेघेच्या वरच्याच चुका सुटल्या होत्या. खालचे उकार आणि पायमोडके व्यंजन मी जवळजवळ प्रत्येक वेळी पकडले होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, तर तो फक्त शिरोरेघेच्या वरच वाढणार नाही, एवढे मला कळत होते. त्यामुळे मी चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे गेले, आणि दोन भेटींत काचबिंदूचे निदान झाले.

काचबिंदू म्हटले की डोळ्यातला वाढलेला दाब असेच बहुतेकांना वाटते. माझा दाब उजवीकडे १४ आणि डावीकडे १५ मिलिमीटर पारा होता, म्हणजे १० ते २१ या नेहमीच्या पट्ट्याच्या अगदी मधोमध. वेगवेगळ्या वेळी मोजूनही तो कधी १७ च्या वर गेला नाही. बुबुळाची (कॉर्नियाची) जाडी ५४८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, भरली, म्हणजे पातळ बुबुळामुळे दाब कमी दिसतो आहे असेही म्हणता येईना. डोळ्याचा पडदा प्रकाशाने मोजणाऱ्या ओसीटी यंत्रावर चेतातंतूंच्या थराच्या जाडीचा सरासरी आकडा मात्र घटलेला होता: उजवीकडे ७९ आणि डावीकडे ६६ मायक्रॉन. नजरेच्या टापूत कुठे दिसत नाही ते प्रकाशाचे ठिपके दाखवून शोधतात, त्या फील्ड टेस्टच्या २४-२ या प्रकारात ठिपके ६-६ अंशांच्या अंतराने येतात, त्यामुळे मध्याला चिकटून असलेले नुकसान त्यांच्या फटींतून निसटू शकते. म्हणून डॉक्टरांनी २-२ अंशांवर ६८ ठिपके दाखवणारी १०-२ चाचणी घेतली, आणि तिच्या कागदावर दोन्ही डोळ्यांच्या मध्यबिंदूच्या लगेच वर काळे डाग उमटले. रफार जिथे बसतो, नेमके तिथेच.

दाब सामान्य असूनही होणाऱ्या काचबिंदूत मध्याजवळचे असे डाग नवीन नाहीत. प्रत्येक रुग्णाला एमआरआय सांगितला जात नाही, आणि सगळी लक्षणे एकमेकांशी जुळत असतील तर त्याची गरजही नसते. माझ्या बाबतीत दोन-तीन गोष्टी जुळत नव्हत्या. वय पन्नाशीच्या आत होते. डाव्या डोळ्यामागच्या नसेच्या मुखाशी जो खळगा पडला होता त्याच्या मानाने उरलेली कडा अधिक फिकट दिसत होती. काचबिंदूत खळगा आधी वाढतो, कडेचा गुलाबीपणा बराच काळ टिकतो, त्यामुळे कडाच पांढुरकी दिसू लागली की डॉक्टर थबकतात. शिवाय रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखण्याच्या चाचणीत माझा डावा डोळा चारदा चुकला. नसेवर बाहेरून कशाचा तरी दाब पडत असेल, तर त्याचे सोंग काचबिंदूसारखे असू शकते, आणि तसे असेल तर आयुष्यभर थेंब घालूनही उपयोग नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. चिठ्ठीवर त्यांनी स्वच्छ अक्षरात तीन ओळी लिहिल्या: सामान्य दाबाचा काचबिंदू असल्याचा संशय, डावी कडा खळग्याच्या मानाने फिकट, नसेवर दाब आणणारी गाठ आहे का ते पाहावे. त्या तीन ओळींचे पुढे काय झाले ते सांगायचे आहेच.

त्याआधी डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा हा मार्ग कसा आहे ते थोडे सांगणे भाग आहे, कारण माझ्या तक्रारीचा सगळा आधार तोच आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या गँग्लियन पेशींतून निघालेले सुमारे १० ते १२ लाख तंतू एकत्र येऊन डोळ्यामागची नस तयार होते, आणि काचबिंदूत मरतात त्या याच पेशी आणि हेच तंतू. दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या जरा वर, एका चौफुलीवर भेटतात. तिथे प्रत्येक डोळ्यातले निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे नाकाच्या बाजूच्या पडद्यावरून आलेले तंतू ओलांडून पलीकडे जातात आणि कानाच्या बाजूचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे चौफुलीच्या पुढे ‘डाव्या डोळ्याचा रस्ता’ आणि ‘उजव्या डोळ्याचा रस्ता’ असे काही उरतच नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला दोन्ही डोळ्यांनी पाहिलेले जगाचे उजवे अर्धे चित्र जाते आणि उजव्या बाजूला डावे अर्धे. हे तंतू मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधल्या लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लिअस या शेंगदाण्यापेक्षाही लहान केंद्रात पोहोचतात. या केंद्राचे मुख्य थर सहा, आणि त्यांतील १, ४, ६ हे थर विरुद्ध बाजूच्या डोळ्याचे, तर २, ३, ५ हे त्याच बाजूच्या डोळ्याचे असतात. तिथून नवे तंतू पंख्यासारखे पसरत मेंदूच्या मागच्या टोकाकडे जातात. त्यांना ऑप्टिक रेडिएशन म्हणतात. आपण ज्याला दिसणे म्हणतो त्याची पहिली जुळणी त्या मागच्या टोकाच्या बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, होते.

आता सेवेकडे वळते. फोनवर वेळ दुसऱ्याच दिवशीची मिळाली, हे कौतुकाचे आहे. कॉन्ट्रास्ट द्यायचा असल्याने क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणा आणि चार तास काही खाऊ नका, हे त्यांनी आधीच बजावले. ऐनवेळी रक्त तपासायला पळावे लागले नाही. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी घेतली, ‘काचबिंदू’ हा शब्द वाचला आणि लगेच एक गुळगुळीत पत्रक पुढे सरकवले. “मॅडम, काचबिंदू आहे ना, मग हे पॅकेज घ्या. डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या सगळ्या नसांचा नकाशा मिळतो, डॉक्टरांना पण उपयोग होतो,” असे ती म्हणाली. माझ्याबरोबर आलेली भाची कानाशी कुजबुजली, “मावशी, डॉक्टरांनी लिहिलंय का हे?” डॉक्टरांनी लिहिलेले नव्हते. मी तरीही हो म्हटले. घाबरलेल्या माणसाला ‘सगळ्या नसांचा नकाशा’ हे शब्द ऐकवले की तो पैसे मोजतो, हे मला आता कळते. त्या मुलीलाही तसेच शिकवले असावे.

आतली व्यवस्था मात्र उत्तम होती. तंत्रज्ञ बाईंनी मंगळसूत्र, बांगड्या आणि केसांतल्या पिना काढायला लावल्या, आणि माझ्या डोळ्यांकडे पाहून काजळही पुसून यायला सांगितले. काही काजळांत आणि आयलायनरांत लोहाचे कण असतात, त्यांनी डोळ्याच्या खोबणीची चित्रे डागाळतात, हे त्यांनी न विचारता समजावले. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल, त्यावर लहानसा आरसा, हातात दाबायचा रबरी गोळा आणि कानांत बोळे घालून वर हेडफोन, अशा थाटात मी ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या त्या नळीत गेले. आवाज खरोखरच कर्कश असतो; खोलीत कोणी फरशी फोडत असावे तसा. खोबणीची चित्रे घेण्याच्या आधी दरवेळी हेडफोनमधून सूचना यायची: “आता डोळे मिटा आणि मिटल्या पापण्यांमागे बुबुळं स्थिर ठेवा, चार मिनिटं.” ही सूचना किती महत्त्वाची असते ते नंतर कळले. नस जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर जाड, तिच्याभोवती द्रवाचे आवरण आणि बाहेर चरबी. बुबुळ हलले की नसही हलते आणि चित्र पुसट होते. चरबीचा उजळपणा दाबून घेतलेली, ३ मिलिमीटर जाडीच्या कापांची चित्रे पुढे डॉक्टरांनी सीडीवर पाहिली, तेव्हा ती एकदम स्वच्छ असल्याचे त्यांनी आपणहून सांगितले. याचे श्रेय यंत्राइतकेच त्या बाईंचे आहे.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. मुख्य उत्तर स्पष्ट होते: नसेवर किंवा चौफुलीवर दाब आणणारी गाठ नाही, पीयूषिका ग्रंथी नेहमीच्या आकाराची, कॉन्ट्रास्ट दिल्यावर नस कुठेही उजळलेली नाही. ज्यासाठी ९,२०० रुपये मोजले ते मिळाले, आणि त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. मेंदूच्या श्वेतद्रव्यात तीन बारीक पांढरे ठिपके असल्याची एक ओळ होती. तिने पोटात गोळा आला होता, पण मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे आणि अशा ठिपक्यांचा वेगळा अर्थ काढू नये, असे डॉक्टरांनी सांगितले.

खटकली ती त्याच पानावरची दुसरी ओळ: ‘दोन्ही दृष्टिचेता सामान्य.’ डाव्या डोळ्याचा तंतूंचा थर ६६ मायक्रॉनवर आलेला असताना त्याच नसेला सामान्य कसे म्हणता येते, हा प्रश्न मी दोन दिवस घोळवला. उत्तर साधे आहे, पण ते रुग्णाला कोणी सांगत नाही. ओसीटी यंत्र प्रकाशाने मोजते आणि काही मायक्रॉनचा फरक ओळखते. नेहमीच्या एमआरआयचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि एक काप ३ मिलिमीटरचा. बराच पुढे गेलेल्या काचबिंदूत नस बारीक झालेली एमआरआयवरही मोजता येते. माझ्यासारख्या मधल्या टप्प्यात ती डोळ्यांना नेहमीसारखीच दिसते. त्या ओळीचा खरा अर्थ ‘या पद्धतीने पाहता दोष दिसला नाही’ असा आहे. तेवढे चार शब्द जास्त लिहिले असते तर बिघडले नसते. काचबिंदू नसल्याचाच हा पुरावा आहे असे समजून कोणी थेंब बंद केले, तर ते नुकसान भरून निघणारे नाही.

आता वाढीव तपासणी. तिचे नाव काहीही ठेवले असले, तरी आतले तंत्र डिफ्युजन टेन्सर इमेजिंग हे आहे, ज्याची मांडणी पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये केली. तंतूंच्या जुडीत पाण्याचे रेणू जुडीच्या दिशेने सहज सरकतात आणि आडवे सरकताना अडतात. अनेक दिशांनी मोजून ही ओढ किती एकमार्गी आहे ते ० ते १ या आकड्यात मांडतात, आणि संगणक त्यावरून तंतूंचे मार्ग रेखाटतो. रंगांचा संकेत ठरलेला आहे: डावी-उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढून मागे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. माझ्या चित्रात चौफुलीच्या जागी लालसर झाक आणि मागे हिरवे पंखे दिसत होते. चित्र सुंदर होते, हे नाकारत नाही; भाचीने ते फोनच्या पडद्यावर लावले.

चित्राखाली मजकूर होता: डाव्या ऑप्टिक रेडिएशनचा आकडा ०.४१, उजव्याचा ०.४४, आणि पुढे, ‘डावीकडील घट डाव्या डोळ्यातील काचबिंदूशी सुसंगत.’ मी हे वाक्य तीनदा वाचले, कारण वाक्य तीनदा वाचणे हा माझा व्यवसाय आहे. डाव्या रेडिएशनमध्ये दोन्ही डोळ्यांकडून आलेली माहिती असते. एकट्या डाव्या डोळ्याचे नुकसान डाव्याच रेडिएशनमध्ये उतरेल असे मानायचे, तर चौफुली नाहीच असे मानावे लागेल. डोळ्याच्या बाजूवरून मेंदूची बाजू ठरवणारे ते वाक्य शरीररचनेच्या पहिल्या पाठालाच सोडून होते. शिवाय काचबिंदू माझ्या दोन्ही डोळ्यांत आहे, हे चिठ्ठीत नसले तरी सोबत दिलेल्या फील्ड टेस्टच्या कागदांवर होते. मी केंद्रात फोन करून विचारले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली: डॉक्टरांच्या तीन ओळी संगणकात भरताना काउंटरवर ‘बघायला त्रास, काचबिंदू डावा डोळा’ एवढेच टंकले गेले होते, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टसमोर तेवढेच पोहोचले होते. मूळ तपासणी योग्य झाली ती चिठ्ठीची प्रत तंत्रज्ञ बाईंनी स्वतः वाचली होती म्हणून.

समजा ते वाक्य बरोबर असते, तरी ०.४१ आणि ०.४४ यांतल्या फरकाचा मी काय अर्थ लावावा? माझ्या वयाच्या निरोगी माणसांत, याच यंत्रावर, याच पद्धतीने मोजल्यास आकडा किती येतो, हे रिपोर्टमध्ये नव्हते. यंत्र बदलले, मोजण्याच्या दिशा बदलल्या, कोणी कुठे खूण करून मोजले ते बदलले, की हा आकडा हलतो. वयानेही तो बदलतो. ओसीटीच्या कागदावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा असतो, कारण त्यामागे वयवार निरोगी लोकांची मोजमापे साठवलेली असतात. तशी शिदोरी या नकाशामागे नव्हती. माझ्या डॉक्टरांनी रंगीत पान पाहिले, बाजूला ठेवले आणि १०-२ चा कागद पुढे ओढला. उपचार त्या पानामुळे एका थेंबानेही बदलला नाही.

एवढ्यावरून मेंदूच्या प्रतिमांतून काचबिंदूचा अभ्यास करणे हे थोतांड आहे असा समज कोणी करून घेऊ नये. घरी बसून मी जे वाचले त्याने माझे मत उलट अधिक आदराचे झाले. काचबिंदू डोळ्यातच थांबत नाही, याचा पुरावा आधी सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. टोरांटो येथील येनी युजेल, नीरू गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली माकडांत दाखवले की डोळ्याचा दाब वाढवल्यावर जेनिक्युलेट केंद्रातल्या पेशीही नष्ट होतात, म्हणजे पहिल्या तंतूचे नुकसान पुढच्या पेशीला पोहोचते. २००६ मध्ये त्यांनी काचबिंदू असलेल्या माणसाच्या, मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत नसेपासून दृष्टीच्या बाह्यकापर्यंत तशीच झीज दाखवली. पण मेलेल्या माणसाचा मेंदू पाहून जिवंत रुग्णाचा आजार कसा सरकतो ते कळत नाही, आणि एमआरआयची गरज इथे लागते. २००९ मध्ये याच गटाने जिवंत रुग्णांत ते इवलेसे केंद्र एमआरआयवर आकसलेले दाखवले, आणि त्याच वर्षी रोममधील संशोधकांनी ३ टेस्लाच्या यंत्रावर, माझ्यावर वापरलेल्याच डिफ्युजन तंत्राने, रुग्णांच्या नसेत आणि ऑप्टिक रेडिएशनमध्ये बदल मोजले.

याहून मला भावले ते फंक्शनल एमआरआयचे काम. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण बदलले की एमआरआयचा संकेतही बदलतो, आणि त्यावरून मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते कळू लागले. सॅन दिएगोच्या गटाने २००७ मध्ये काचबिंदूच्या रुग्णांना यंत्रात झोपवून लुकलुकणारे चौकटींचे पट दाखवले, आणि फील्ड टेस्टमध्ये जिथे दृष्टी मंद होती त्याच्याशी जुळणाऱ्या बाह्यकाच्या भागात प्रतिसादही मंद असल्याचे त्यांना आढळले. माझा सुटलेला रफार मेंदूच्या मागच्या टोकावर, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी मंद होत असेल, ही कल्पना विलक्षण आहे. मी ‘निणय’ वाचताना मला तिथे रिकामी जागा दिसत नव्हती, हेही त्याच भागाचे कर्तृत्व: आजूबाजूच्या अक्षरांवरून आणि सवयीवरून मेंदू भोक बुजवून टाकतो, आणि म्हणूनच काचबिंदूचा रुग्ण वर्षानुवर्षे तक्रार घेऊन येत नाही.

हे सर्व अभ्यास गटांचे आहेत, आणि पत्रकात नेमकी हीच गोष्ट लिहिलेली नसते. काही रुग्ण एकीकडे, काही निरोगी माणसे दुसरीकडे, आणि सरासऱ्यांतला फरक. एकेका माणसाचे आकडे पाहिले तर दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. दहावीच्या वर्गाची सरासरी उंची आठवीपेक्षा जास्त असते हे खरे आहे, पण म्हणून रस्त्याने जाणाऱ्या मुलीची उंची पाहून तिची इयत्ता सांगता येत नाही. जेनिक्युलेट केंद्राच्या कडा नीट दिसाव्यात म्हणून संशोधक वेगळ्या जातीची चित्रे पुन्हा पुन्हा घेऊन त्यांची सरासरी काढतात; निदान केंद्रातल्या आठ मिनिटांच्या डिफ्युजन चित्रात जेनिक्युलेट केंद्र धड ओळखूही येत नाही, आणि माझ्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही. ‘डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या सगळ्या नसांच्या’ नकाशात मार्गावरचे सर्वांत महत्त्वाचे स्थानकच गायब होते.

या संशोधनाचा उपयोग कुठे होऊ शकेल, याचे एक उदाहरण देते. मेमॅन्टिन हे अल्झायमरवरचे औषध माकडांच्या जेनिक्युलेट केंद्रातल्या पेशींचे आकुंचन कमी करते असे २००६ मध्ये दिसले होते. पुढे माणसांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून सुमारे २,३०० रुग्ण, चार वर्षे, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराशाजनक निघाले. आजार पुढे जाणे औषधाने थांबले नाही. अशा चाचण्यांत फील्ड टेस्टचा निकाल हाती यायला वर्षे लागतात, कारण ती चाचणी रुग्णाच्या लक्षावर आणि थकव्यावर अवलंबून असते (माझ्या पहिल्या टेस्टमध्ये मी अर्ध्या वाटेत डुलकी घेतली होती). मेंदूच्या मार्गाचे भरवशाचे माप हाती आले तर औषधाचा परिणाम वेगळ्या वाटेने पाहता येईल. आज मात्र माझ्यासारखीसाठी सिद्ध झालेला उपाय एकच, दाब आणखी उतरवणे: १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात, सामान्य दाबाच्या काचबिंदूत दाब ३० टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्के डोळ्यांत आजार पुढे गेला, उपचार न केलेल्यांपैकी ३५ टक्क्यांत. माझे रात्रीचे थेंब त्या हिशेबाने चालू आहेत आणि दाब १० ते ११ वर आला आहे.

गुण द्यायचे झाले तर तंत्रज्ञ, स्वच्छता, वेळेचे भान आणि चित्रांचा दर्जा यांना पाचपैकी साडेचार. रिपोर्टच्या शब्दांना अडीच. काउंटरवरच्या विक्रीला शून्य. या केंद्रात मी पुन्हा जाईन का? एमआरआय पुन्हा सांगितला तर नक्की जाईन. जाताना चिठ्ठीची झेरॉक्स रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचली का ते विचारीन, संगणकात भरलेला मजकूर डोळ्यांनी पाहीन, जुने ओसीटी आणि फील्डचे कागद सोबत स्कॅन करायला लावीन, आणि फिल्मऐवजी सीडी मागीन, कारण पुढे तुलना करायची वेळ आली तर सीडीच कामी येते. वाढीव नकाशा कोणी सुचवलाच, तर माझ्या वयाच्या निरोगी माणसांचे याच यंत्रावरचे आकडे दाखवा, एवढेच म्हणेन.

चुकीच्या वाक्याबद्दल मी केंद्राला लेखी कळवले. मुद्रितावर करतात तशी समासात खूण करून, सोबत चौफुलीची एक रेखाकृती काढून तो कागद मी स्वतः नेऊन दिला. रेडिओलॉजिस्टांचा तिसऱ्या दिवशी फोन आला. त्यांनी आढेवेढे न घेता चूक मान्य केली, डावा-उजवा हे शब्द साच्यातून तसेच आले असावेत असे म्हणाले, आणि अर्धवट माहितीबद्दल काउंटरवर बोलणार असल्याचेही सांगितले. सहाव्या दिवशी सुधारित रिपोर्ट मिळाला. त्यात ‘सुसंगत’वाले वाक्य काढून टाकलेले आहे आणि त्याच्या जागी, या आकड्यांवरून काचबिंदूविषयी निष्कर्ष काढता येत नाही, असे लिहिले आहे. ४,५०० रुपये परत मिळाले नाहीत. पुढची फील्ड टेस्ट जूनमध्ये आहे. डॉक्टरांनी ओसीटीचे आणि १०-२ चे कागद घेऊन यायला सांगितले आहे, एमआरआयची सीडी आणू नका म्हणाले.